मसुराएवढा कान

इल्मेनाऊ, फेब्रुवारी. बाहेरचा बर्फ मळका झालाय,
आणि आत, पांढऱ्या डगल्यात, लेव्के मला थाळी दाखवते:
सिलिकॉनमध्ये कोरलेले दोनशे सोळा कप्पे,
वरून काच, खालून काच,
एकेक मसुराएवढा.
"हायड्रुन, हे सगळे एका दुपारचे."
मी एकोणचाळीस वर्षं काच फुंकते आहे.
दुपारभरात माझ्या हातून चार कुप्या होतात.
पाचवी जमली तर घरी जाताना केक घेते.

सीझियम मला नवा नाही.
सोनेरी, आळशी धातू. बंद नळीत
तळहाताच्या उबेनेही पाघळतो,
हवा दिसली की मात्र पेटून उठतो.
आमच्या घराण्यात असे दोन मामा होते.

लेव्के उत्तरेची, समुद्राकाठची, भरभर बोलते.
इकडून एक किरण, डोळ्याला न दिसणारा,
समोरून एक हिरवा;
दोघे मिळून अणूला इतका फुगवतात
की त्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन
घर सोडून पार वेशीवर जाऊन बसतो.
तिथे त्याला कशाचाही धक्का पुरतो.
कुठूनशी रेडिओलहर येते, शिवते,
आणि पडद्यावरच्या एका शिखराची दोन होतात.
दोहोंतलं अंतर मोजायचं. बस.
ना तांब्याची तार, ना छपरावरचा खांब.
मापाला दुसरं माप लावायला नको:
इथला सीझियम आणि चिलीतला सीझियम
एकाच वळणाचा,
कुणाची साक्ष काढावी लागत नाही.

मला तो छपरावरचा खांबच आठवला.
वडिलांनी अँटेना माळ्यावर लपवली होती,
कौलांच्या आत, तोंड आग्नेयेला,
सीमेपलीकडच्या डोंगराकडे.
शाळेत बाई सहज विचारायच्या:
तुमच्या टीव्हीतल्या घड्याळावर ठिपके असतात की रेघा?
मी म्हटलं, आमच्याकडे घड्याळच नाही.
जेवताना आवाज बारीक, बातम्यांना आणखी बारीक.
भिंतीला कान असतात, आई म्हणायची,
आणि आमच्याकडे ही नुसती म्हण नव्हती.

आता मीच कान बनवते. पगार मिळतो.

मार्चमध्ये थाळ्या रुसल्या.
दोनशे सोळांपैकी एकतीसच ऐकत होते,
बाकीच्यांची शिखरं धुक्यात.
लेव्के दोन रात्री घरी गेली नाही.
काच जोडायचं तापमान चढवलं, उतरवलं,
व्होल्ट हजारावर नेले, लेसरला दोष दिला,
मग स्वतःला.
तिसऱ्या दिवशी मी एक कप्पा दिव्यासमोर धरला
(मला कुणी विचारलं नव्हतं)
आणि तिरका केला.
काचेवर सोनेरी साय.
धातू खिडकीतच फतकल मारून बसला होता,
कानात मळ साचावा तसा.

"ह्याला निजायला कोपरा दे," मी म्हटलं.
फुंकलेल्या कुपीला मी एक शेपटी ठेवते, बोटाच्या पेराएवढी.
तिला जरा गार ठेवायचं;
सगळा पसारा तिथे जाऊन पडतो
आणि खिडक्या लख्ख राहतात.
हे कुठल्या पुस्तकातून नाही शिकले.
म्हाताऱ्या ओटफ्रीडने दाखवलं होतं, तेही शिव्या घालत.

लेव्केने हातमोज्यावरच लिहून घेतलं.
एप्रिलच्या आराखड्यात प्रत्येक कप्प्याच्या कडेला
तांदळाच्या कणीएवढी खोली आली.
एकशे ब्याण्णव ऐकू लागले.
कागदावर माझं नाव नाही,
शेपटीचं आहे: थंड खण, आवृत्ती दोन.
मला राग आला, मग हसू आलं,
मग मी दिवा पेटवला, कारण फ्रायबुर्गच्या कुणाला
अजून हातची कुपी हवी होती, वाकड्या मानेची.

नापास कप्प्यांतला एक मी घरी आणला आहे.
स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो, मिठाच्या बरणीशेजारी.
लेसर नाहीत, म्हणजे ठार बहिरा.
मला हे कुणापेक्षाही जास्त माहीत आहे.
तरी काल बहिणीशी फोनवर बोलताना,
तिच्या नवऱ्याचा विषय निघाला
आणि माझा आवाज आपोआप
बारीक झाला.